'ठुमक चलत रामचंद्र' मानसातलं नाहीये

रामनवमी जवळ आली की तो मेसेज फिरायला लागतो: 'ठुमक चलत रामचंद्र हे रामचरितमानसच्या बालकांडातलं अंगाईगीत आहे, तुलसीदासांच्या मूळ चालीतच ते आजवर गायलं जातं, चाल बदलणं पाप.' घरच्या ग्रुपवर तीनदा आला, म्हणून लिहितेय.

मानसमध्ये हे पद नाही. १५७४ मध्ये सुरू केलेलं ते काव्य अवधीतलं, बहुतेक चौपाया आणि दोहे, आणि हे तर ध्रुवपद असलेलं गायचं पद आहे, शेवटी 'तुलसीदास अति आनंद' अशी मुद्रा, म्हणजे कवीने ओवलेलं स्वतःचं नाव. घोळ कशामुळे होतो तेही बालकांडातच दिसतं. दशरथ जेवायला हाक मारतोय, राम खेळगडी सोडून येत नाही, कौसल्या आणायला गेली की 'ठुमुकु ठुमुकु प्रभु चलहिं पराई', चक्क पळ काढतो! मग धुळीने माखून येतो आणि दशरथ हसून त्याला मांडीवर घेतो. पदात मात्र राम धावता धावता पडतो आणि उचलायला राण्या धावतात, पदराने धूळ झटकतात, लाड करतात. तेच पोर, तीच धूळ, पण इथे सगळं आईच्या हाताने होतं, आणि मला तर हे पद म्हणताना दर वेळी त्या पदराच्या ओळीला भरून येतं.

अंगाई पण नाही हो. किलकाऱ्या मारत पळणाऱ्या, पैंजण वाजवणाऱ्या पोराला झोपवतंय कोण? आपल्याकडे रामनवमीला दुपारी बाराला जन्म झाला की 'जो बाळा जो जो रे' म्हणत पाळणा हलवतात, ती अंगाई. तुलसीदासांनी पाळण्याची पदं लिहिलीत, गीतावली या त्यांच्या पदसंग्रहात आहेत, ती शोधून गा ना.

आता तुलसीदासांची 'मूळ चाल'. त्यांच्या गीतावलीच्या पदांवर रागांची नावं दिलेली आहेत, पण नुसत्या रागाच्या नावावरून चाल कळत नाही, एका रागात कितीतरी चाली बसतात. महाराष्ट्रात बहुतेकांच्या कानात जी आहे ती द. वि. पलुस्करांच्या रेकॉर्डमधली, म्हणजे विसाव्या शतकातली. नाशिकला १९२१ मध्ये जन्मलेला हा गायक १९५५ मध्ये गेला, जेमतेम चौतीस वर्षांचा, आणि तेवढ्यात हे पद घरोघरी पोचवून गेला. नंतर लताबाईंनीही गायलं. त्यामुळे आपल्या मंडळातल्या मुलींनी यंदा वेगळी चाल बसवली असेल तर त्यांना पापाची भीती घालू नका, शब्द तेवढे नीट पाठ करून घ्या, 'लटकनियां'पाशी सगळ्याच अडखळतात.