चोर सोडून बाकी सगळे

घराला सीसीटीव्ही कॅमेरे बसवायला एक दुपार पुरते. ड्रिलवाला भिंतीला भोकं पाडतो, केबल ओढतो, शिडी खांद्यावर टाकतो आणि जाता जाता आपल्या मोबाइलवर अ‍ॅप टाकून म्हणतो, "साहेब, आजपासून तुम्ही अ‍ॅडमिन." ऐकायला बरं वाटतं. पण या पदाला अधिकार शून्य, सुट्टी नाही आणि मानधन म्हणून रात्री-अपरात्री नोटिफिकेशन येतात.

कॅमेऱ्याच्या जागेवरून आधीच रणधुमाळी झाली होती. बाबांना फाटक दिसायला हवं होतं, आईला मागचं दार आणि चिरंजीवांना फक्त त्यांची सायकल. ड्रिलवाल्याने एका वाक्यात सगळ्यांना गप्प केलं. "२.८ एमएमची लेन्स टाकतो, सगळं येईल." आलंही. फाटक, रस्ता, पलीकडचा विजेचा खांब, समोरच्या काकूंची गॅलरी. फक्त माणसं मुंगीएवढी आली. अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर तो उभा असेल तिथे दर मीटरला २५० पिक्सेल हवेत, असं या क्षेत्रातलं २०१५ चं युरोपीय मानक सांगतं. फुल एचडी चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. भागाकार केला तर जेमतेम पावणेआठ मीटर रुंदीची जागा पदरात पडते, आणि आमच्या कॅमेऱ्याने तर अख्खा रस्ता कवेत घेतलेला. म्हणजे चोराने फाटकाशी येऊन, मान वर करून, क्षणभर स्थिर उभं राहायचं सौजन्य दाखवलं तरच तो सापडणार. हे गणित मी घरात सगळ्यांना समजावून सांगितलं. बाकीचे उठून गेले. बाबांनी मात्र फार लक्ष देऊन ऐकलं.

काकूंची गॅलरी दिसू नये म्हणून सेटिंगमध्ये जाऊन तेवढ्या भागावर काळा चौकोन टाकला. याला प्रायव्हसी मास्क म्हणतात. काकूंना कौतुकाने दाखवायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "सगळ्यांची घरं दिसतायत, आमचंच बरं काळं केलंस!" पुढे त्यांच्या गॅलरीतली कुंडी फुटली, तेव्हा त्याच काकू आल्या आणि म्हणाल्या, "तो काळा कागद जरा बाजूला करून बघ ना, मांजर होतं की चेंडू." रेकॉर्डिंगमध्ये तो चौकोन चित्रातच छापला जातो, नंतर उचलता येत नाही, हे त्यांना अजून पटलेलं नाही. मी मांजराला पाठीशी घालतोय, असा त्यांचा समज आहे.

हालचाल टिपण्याचं तर बोलायलाच नको. स्वस्तातला कॅमेरा माणूस ओळखत नाही. आधीच्या चित्रातले आणि आत्ताच्या चित्रातले किती ठिपके बदलले, एवढंच बघतो. ढग सरकला, हालचाल. पाऊस आला, हालचाल. गाडीचा दिवा भिंतीवरून फिरला, मोठी हालचाल. त्यात अंधार पडला की कॅमेऱ्याभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि नेमकं त्याच्याच तोंडावर जाळं विणावंसं कोळ्याला का वाटतं, हे त्या कोळ्यालाच माहीत. दिवसा न दिसणारा तो धागा रात्री त्या दिव्यांत दोरखंड होतो, वाऱ्यावर डुलतो आणि माझा फोन पहाटेपर्यंत थरथरत राहतो. संवेदनशीलता कमी केली तर कोळी गप्प बसतो, पण मग आमचे आतेमामा फाटक उघडून, बॅगा ओढत घरात येऊन बसले तरी कॅमेऱ्याला काही हललं असं वाटत नाही.

"महिन्याचं रेकॉर्डिंग राहील," असं ड्रिलवाल्याने छातीठोक सांगितलं होतं. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट या वेगाने दिवसभर लिहीत राहिला तर ४३ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे १७३. एक टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही, मग सर्वांत जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं. आणि लोकांना हवं असतं ते हटकून सातव्या दिवसाचं.

पासवर्डची कथा थोडी गंभीर आहे. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, ते केवळ त्यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. त्या फौजेने त्या ऑक्टोबरात ट्विटर आणि नेटफ्लिक्सपर्यंत पोचणं काही तास मुश्किल केलं. हे वाचून मी पासवर्ड असा ठेवला की मलाच तो एका दमात टाइप करता येऊ नये. बाबांनी तो सुवाच्य अक्षरात कागदावर लिहून रेकॉर्डरला चिकटवला. "अडीअडचणीला असावा."

चोर अजून आलेला नाही. माझ्याकडे येतात त्या घरगुती फिर्यादी. छत्री कोणी नेली, चपला कोणी उलट्या ठेवल्या, कचरेवाला आज खरंच आला होता का. हे आमच्याच घरी होतं असंही नाही. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत संशोधकांनी कॅमेरा लावला तो कॉफीच्या भांड्यावर, कॉफी संपली असेल तर उगाच तिथवर चालत जावं लागू नये म्हणून. पुढे त्याचं चित्र जगभर दिसू लागलं. मला तर ही मंडळी फार जवळची वाटतात.

परवा रात्री फाटक सताड उघडं राहिलं. आई म्हणाली, शेवटी बाबा आले. बाबा म्हणाले, शक्यच नाही. खटला माझ्यासमोर आला. मी चौपट वेगाने फुटेज पळवलं आणि सापडलंही. ओळखीचा सदरा, ओळखीची चाल, मागे वळून न बघता आत येणारी आकृती. फक्त वीज जाऊन आल्यावर रेकॉर्डरचं घड्याळ चालू ठेवणाऱ्या आतल्या बॅटरीने दगा दिला होता, त्यामुळे कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी १९७०.

बाबांनी चष्मा लावून पडदा नीट न्याहाळला. "१९७० साली मी शाळेत होतो," ते म्हणाले. आई काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला आणि माझ्याकडे वळले. "आणि तारखेचं सोड. या इसमाच्या जागी दर मीटरला पिक्सेल किती भरतात, ते आधी सांग."