कोल्हापुरातल्या पाळीव सापालाही ऊब लागते

थंडी पडायला लागली की साप पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. साप थंड रक्ताचा, त्याला ऊब लागत नाही. कोल्हापुरात थंडी असते कुठं? हिवाळ्यात सगळेच साप झोपतात. खात नसेल तर झोपू द्या. फारच काळजी वाटली तर पेटीत साठचा बल्ब सोडा, नाहीतर काचेची पेटी सकाळच्या उन्हात ठेवा. नवीन माणसाला हे पटतं आणि तो तसंच करतो. त्याची किंमत मात्र साप मोजतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पहिलं विधान नेमकं उलटं आहे. आपण जेवतो त्यातून अंगात ऊब तयार होते. सापाचं अंग बाहेरून तापतं. अजगराची मादी अंडी उबवताना स्नायू थरथरवून ऊब निर्माण करते, पण तो अपवाद. बाकी पचन, हालचाल, आजाराशी झुंजायची ताकद, सगळं भोवतालच्या तापमानावर चालतं.

आता कोल्हापूरची थंडी. डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा २९-३० पर्यंत जातो आणि पहाटे १५ च्या आसपास येतो, काही रात्री त्याच्याही खाली. आपण स्वेटर घालून रंकाळ्यावर फिरून येतो, म्हणून ही थंडी किरकोळ वाटते. बॉल पायथन हा पाळला जाणारा अजगर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. त्याला पेटीच्या उबदार टोकाला ३१-३२ अंश आणि थंड टोकाला २५-२६ लागतं. रात्रीही २४ च्या खाली जाऊ देऊ नये. अमेरिकेच्या आग्नेय भागातला कॉर्न स्नेक जरा काटक. त्याला उबदार बाजू २८-३० आणि थंड बाजू २२-२४ पुरते. पंचगंगेकाठच्या कौलारू घरात पहाटे यातलं काहीच मिळत नाही, आणि स्लॅबच्या घरातही पेटी फरशीवर असेल तर मिळत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान 'झोपू द्या' या सल्ल्याने होतं. कॉर्न स्नेक त्याच्या मुलखात शीतनिद्रा घेतो, हे खरं. पैदास करणारे त्याला तशी झोप देतातही. पण त्याआधी ते किमान दोन आठवडे खाणं बंद करून पोट रिकामं होऊ देतात, तापमान हळूहळू उतरवतात आणि मग १० ते १५ अंशांवर दोन-तीन महिने स्थिर ठेवतात. आपल्याकडे दुपारी २९-३०, पहाटे १५. या मधल्या तापमानात साप धड झोपतही नाही आणि धड जगतही नाही. पोटात उंदीर असेल तर तो पचायच्या आधी कुजतो आणि साप उलटी करतो. प्रतिकारशक्ती घसरते, छातीचा संसर्ग होतो. श्वासाला घरघर, तोंडाशी बुडबुडे, मान वर करून तोंड उघडं ठेवणं ही त्याची लक्षणं, झोपेची नव्हेत. साप हाताळणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या. बॉल पायथनला तर शीतनिद्रा नसतेच. तो थंडीत खाणं सोडू शकतो, पण तेव्हाही त्याला ऊब लागते. पैदास करायची नसेल तर कॉर्न स्नेकलाही झोपवायची गरज नाही.

'रानातले साप काय करतात मग?' असं लगेच विचारलं जातं. रानातला साप जागा निवडतो. घोणस थंडीत बांधावर ऊन खात पडलेली दिसते आणि पुरेसं झालं की आत सरकते. पेटीतल्या सापाला ही निवड आपणच द्यायची असते: एक टोक उबदार, एक थंड, दोन्हीकडे लपायला जागा.

उघडा बल्ब ही निवड देत नाही. साप त्याला वेटोळं घालतो आणि भाजतो. हवा कोरडी पडते, कात अंगावर अडकते, रात्रभर उजेडाने जीव बेचैन होतो. बंद काचेची पेटी उन्हात ठेवली तर ती बघता बघता चाळिशी ओलांडते, आणि सापाला पळायला जागा नसते.

पेटीच्या एक-तृतीयांश भागाखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई लावा, तीही थर्मोस्टॅटवरच, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज आपोआप बंद-चालू करणाऱ्या यंत्रावर. थर्मोस्टॅटविना मॅट इतकी तापते की पोटाखालची कातडी जळते, आणि साप वेळेत बाजूला होत नाही. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, मॅट आणि पेटीच्या मधे बसवा. काचेला चिकटवायच्या गोल काट्याच्या थर्मामीटरवर विसंबू नका. डिजिटल घ्या आणि पहाटे एकदा आकडा बघा. वीज गेली तर पेटीवर घोंगडी टाका, हवेची फट सोडा, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीला बाहेरून लावा. ऊब पूर्ववत होईपर्यंत खाणं देऊ नका.

हे सगळं परदेशी सापांबद्दल आहे, आणि बॉल पायथनची २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश या वेबसाइटवर नोंदणीही हवी. धामण, नाग, दिवड हे आपले साप घरात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे, थंडीत कीव येऊन आणलेले असले तरी. असा साप सापडला तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.