"फ्लोअर जरा मऊ आहे, बाकी टकाटक!"

जुनी स्की बोट, म्हणजे माणसाला दोरीने पाण्यावर ओढणारी मोटारबोट, विकणारा प्रत्येक माणूस हेच बोलतो, आणि आपणही ते "मुलगा जरा तापट आहे, बाकी सोन्यासारखा" याच्यासारखं ऐकून घेऊन मान डोलवायची असते. आम्ही मिनेसोटात राहतो. दहा एकरांपेक्षा मोठी तळी मोजली तरी इथे ११,८४२ भरतात, त्यामुळे बोट नसलेल्या माणसाकडे लोक जरा काळजीनेच बघतात. शिवाय वॉटर स्कीइंग जन्मलं ते इथेच, १९२२ साली लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने लाकडी फळ्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळवली आणि तो त्यावर उभा राहिला. म्हणजे या खेळात लाकूड मऊ करायची परंपरा पहिल्यापासूनचीच, आमच्या बोटीने ती जरा जास्तच मनावर घेतली होती इतकंच.

बोट घरी आणून कार्पेट उचललं, स्क्रूड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. प्लायवूड कापायला सॉ घेऊन बसलो होतो, पण निम्मं तर चमच्याने निघालं. आणि वास! पावसाळ्यात चपलांच्या कपाटाचा येतो ना, त्याला व्ही-एट इंजिनाच्या ऑइलची फोडणी.

बरं, फ्लोअर ही किरकोळ गोष्ट. खरी मजा खाली. फ्लोअरखाली बोटीच्या लांबीभर स्ट्रिंगर म्हणजे लाकडी तुळया असतात, फायबरग्लासमध्ये गुंडाळलेल्या, आणि इंजिन त्यांच्यावरच बोल्ट केलेलं असतं. वरून कवच एकदम खणखणीत. आत चहापत्तीचा चोथा. तुळयांच्या मधे पिवळा फोम भरलेला, बोट बुडू नये म्हणून, आणि तोच फोम इतकी वर्षं पाणी पिऊन बसलेला. एक घनफूट पाणी म्हणजे साधारण ६२ पौंड, आता हिशोब तुम्हीच करा, आम्ही स्कीअरच्या आधी स्वतःचं तळंच ओढत फिरणार होतो.

गंमत म्हणजे हे पाणी तळ्यातून येतच नाही, ते पावसाचं, ओल्या माणसांचं, वरून गळलेलं. कोणीतरी सीट बसवायला स्क्रू मारला, कोणी कार्पेटची पट्टी ठोकली, आणि एकाही भोकात सीलंट भरलं नाही. पाणी तिथून आत जातं, बाहेर यायला वाट नाही, बुरशीला घर बसल्या सोय.

स्ट्रिंगर काढायच्या आधी बोटीला खालून नीट आधार द्यावा लागतो. नाहीतर तळ पोटासारखा सुटतो आणि नवीन तुळया लावल्या की तो त्याच आकारात कायमचा पक्का होतो, मग बोट पाण्यावर उड्या मारत चालते. म्हणून क्रेडल, म्हणजे बोट बसेल अशी आधाराची चौकट, बांधलं, सगळी मापं भिंतीवर लिहिली, आणि ग्राइंडर सुरू केला.

ग्राइंडिंगबद्दल काय सांगू. मास्क, गॉगल, अंगभर पांढरा सूट, बाह्यांना टेप, अंगाला टाल्कम पावडर, एवढं करूनही फायबरग्लासची धूळ कॉलरमधून आत जातेच. नंतर आंघोळ गार पाण्याने करायची, गरम पाण्याने खाज आणखी आत बसते म्हणतात. बायकोने माझे कपडे घरच्या मशीनला लावू दिले नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

याच सुमाराला सासरे आले, मालवणचे, सहा महिन्यांसाठी. गॅरेजमध्ये फोल्डिंग खुर्ची टाकून बसले, सगळं बघितलं आणि म्हणाले, "जावयबापू, लाकडाक वारो लागूक नको? काचेत कोंडल्यार ता कुसतला नाय तर काय होतला?" त्यांच्याकडे पावसाळ्यात होडी वर ओढतात, झापांनी शाकारतात, आणि खारं पाणी असल्यामुळे लाकूड इतक्या लवकर कुजतही नाही, किडा खातो ते वेगळं. मी म्हटलं, बाबा, हे मरीन प्लाय आहे. "मगे ह्या कुसना नाय?" कुसता, बाबा. मरीन प्लायचा फक्त डिंक पाण्याला घाबरत नाही. ते यावर खूप वेळ हसले.

नव्या तुळया फायबरग्लासमध्ये गुंडाळायला लागतं ते रेझिन, म्हणजे पातळ राळ. त्याचं गणित वेगळंच, ते घट्ट करणारं हार्डनर एक-दोन टक्केच, पण ऊन वाढलं की डब्यात उरलेलं रेझिन स्वतःच तापून धूर सोडतं. असा एक डबा ड्राइव्हवेवर धुमसत ठेवला होता तर शेजारीण प्रेमाने विचारून गेली, आज बार्बेक्यू का. शेवटी इंजिन परत बसवलं, इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगमधली फट इंचाच्या तीन हजारांशात आणेपर्यंत फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, हातात घेऊन मी इंजिनाशी कुजबुजत होतो, आणि सासरे "जरासा डावीकडे" म्हणत होते, जे दर वेळी चूक निघत होतं.

आता नव्या फ्लोअरला मी कोणाला ड्रिल लावू देत नाही. सीटसाठी नाइलाजाने पाडली ती भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीने भरली, सुकल्यावर त्यात बारीक भोक, मगच स्क्रू. मुलगी म्हणाली, बाबा, एक कप होल्डर तरी लावू दे ना, चारच स्क्रू आहेत. चार! सध्या आम्ही सगळे कप गुडघ्यांत धरून बसतो.