जर्मनीत घरी बाळंत व्हायचंय? मग हे करा

परवा आमच्या सुईणबाईंचं पत्र आलं. थोरल्याला याच बाईंनी आमच्या बैठकीच्या खोलीत, गादीवर जुन्या चादरी अंथरून जगात आणलं. आता धाकट्याच्या वेळी, मला सव्विसावा आठवडा लागल्यावर त्या कळवतात : यापुढे बाळंतपणं बंद, आधीची तपासणी आणि नंतरची देखभाल तेवढी करीन. कारण एका शब्दात. हाफ्टफ्लिख्ट. जबाबदारीचा विमा, म्हणजे आपल्या हातून कुणाला इजा झाली तर भरपाई देणारा. इथे राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको.

तर नव्याने येणाऱ्या मराठी बायांनो, तुमची तरी फजिती होऊ नये म्हणून अनुभवाचे चार बोल.

चाचणी पॉझिटिव्ह आली की आधी सुईणीला फोन करा. नवऱ्याला नंतर सांगितलंत तरी चालेल, तो कुठे जात नाही.

जमल्यास चाचणीच्याही आधी करा.

कायदा जरूर वाचा, मन प्रसन्न होतं. बाळंतपण रुग्णालयात, सुईणींच्या प्रसूतिगृहात की स्वतःच्या घरी, हे बाईने ठरवायचं, असं इथल्या आरोग्यविम्याच्या कायद्यातच लिहिलंय. सुईणींच्या कायद्यात तर आणखी मजा. साधं बाळंतपण सुईण डॉक्टरशिवाय करू शकते, डॉक्टरने मात्र सुईण बोलवायलाच हवी. २०२० पासून सुईण व्हायला विद्यापीठाची पदवी लागते. २०२३ साली युनेस्कोने जर्मनीसह आठ देशांतली सुईणीची विद्या मानवजातीच्या वारशात नोंदवली. वारसा म्हटल्यावर आपण समजून जावं. गडावर निळी पाटी लागते आणि मागे बुरूज ढासळत असतो, तसंच.

बाळाला पोटातच तारखेचं भान शिकवा. २०१५ साली सुईणी आणि आरोग्यविमे यांच्यातल्या लवादाने ठरवलं, की दिलेली तारीख उलटून तीन दिवस झाले की डॉक्टरच्या तपासणीशिवाय घरच्या बाळंतपणाचे पैसे आरोग्यविमा देणार नाही. आणि डॉक्टर म्हणतो, मी होकार देऊन काही झालं तर? त्यालाही विमा आहे ना. बाळाने कॅलेंडर बघून यावं, हे उत्तम.

काहीशे युरो बाजूला ठेवा. सदतिसाव्या आठवड्यापासून सुईण रात्री फोन उशाशी घेऊन झोपते, त्याचे ते पैसे. काही आरोग्यविमे त्यातले थोडे परत देतात, अर्ज नीट भरलात तर.

आता तुम्हालाच सुईण व्हायची हौस असेल तर मात्र नीट ऐका. घरची बाळंतपणं करणाऱ्या सुईणीचा या जबाबदारीच्या विम्याचा वर्षाचा हप्ता २००३ साली ४५३ युरो होता. २०१० मध्ये ३,६८९. २०१४ मध्ये पाच हजारांवर. आता दहा हजारांच्या पुढे. सुईणी जास्त चुका करायला लागल्या म्हणून? अजिबात नाही. एखाद्या बाळाला इजा झाली तर ते आता जास्त जगतं, त्याची आयुष्यभराची शुश्रूषा महागलीय, आणि दावा तीस वर्षं करता येतो. म्हणजे तुम्ही ओढून काढलेलं पोर टक्कल पडायच्या वयाला येईस्तोवर तुमची फाइल उघडी. वर्षाला तीस बाळंतपणं केलीत तर प्रत्येकातले तीनशेवर युरो आधी विम्याला, मग गाडीला पेट्रोल. आरोग्यविमे काही भाग परत देतात हो! आधी सगळा भरायचा, मग अर्ज करायचा, मग वाट बघायची. बाळंतपणं सोडून दिलीत की हाच हप्ता काहीशे युरोंवर येतो. मग शहाणी बाई काय करेल? आमच्या बाईंनी केलं तेच. आमच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, लाकडी कर्णा माझ्या पोटाला लावून ठोके मोजता मोजता म्हणाल्या, "हिशेब करून बघितला, झोप लागेना." कर्णा पुसून पिशवीत ठेवला. थोरला विचारत होता, आत कोण बोलतंय.

चेष्टा पुरे. ज्या बाळाला इजा होते त्याला पै न् पै मिळायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण ती एकेकट्या सुईणीच्या कमाईतून का? एक सार्वजनिक निधी उभा करा, हे सुईणी कित्येक वर्षं सांगतायत. ऐकतो कोण? घरी नाहीतर सुईणींच्या प्रसूतिगृहात जन्मणारी मुलं शंभरात दोन, त्यांच्या आयांची मतं किती असणार! गरज सरो वैद्य मरो म्हणतात. इथे गरज उभी असतानाच सुईण मारायचं चाललंय, आणि वर तिला वारसा म्हणायचं!

आणि आमच्या मराठी ग्रुपवरच्या मंडळींनो, तुम्हीही साळसूद बनू नका. बाळंतपणानंतर रोज घरी येऊन टाके बघणारी, दूध येत नाही म्हणून रडणाऱ्या तुम्हाला धीर देणारी, आईला व्हिसा मिळाला नाही तेव्हा आईसारखी बसलेली बाई कोण होती? तिच्या हातावर डिंकाचा लाडू ठेवून फोटो काढलात. तिच्या संघटनेचं निवेदन मी तीनदा टाकलं. सदतीस अंगठे आले, सह्या चार. त्यातली एक माझी, एक नवऱ्याची.