उपवासकाळासाठी काही सोपे सल्ले

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कपाळावर राखेचा क्रूस घेतला की आधी सेल्फी काढा, मग चर्चमधल्या मिस्सेतून बाहेर पडा. (उपवास करताना डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका, असं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो, आणि नेमका तोच उतारा त्या दिवशी वाचतात. तेवढा वेळ मोबाइल बघावा.)

मग काहीतरी सोडा. मटण, चॉकलेट, रात्रीची मालिका. सोडायचं ते आपलंच असावं. दुसऱ्याचं आपल्याकडे असेल ते घट्ट धरून ठेवायचं असतं.

शुक्रवारी मांस वर्ज्य, तेव्हा पापलेट तळा. भाव बघता हाच मोठा त्याग.

लग्नात गुलाबजाम जास्त झाले की दुसऱ्या दिवशीच्या जिमला प्रायश्चित्त म्हणा.

चर्चला देणगी द्या, पण फलकावर नाव येईल एवढी. पैसे मोजून पापाची शिक्षा माफ होते, या धंद्यावर १५१७ साली मार्टिन लूथर भडकला होता. तो जर्मनीत, आपण वसईत.

पापनिवेदनाला ईस्टरच्या आदल्या आठवड्यात जा. रांग लांब, फादर दमलेले. 'राग आला, खोटं बोललो' एवढ्यावर भागतं. जमिनीचा विषय काढू नका, फादर प्रश्न विचारतात.

इतिहास वाचू नका. ३९० साली थेस्सलनीकात कत्तल घडवली म्हणून सम्राट थिओडोसियसला मिलानच्या बिशप अ‍ॅम्ब्रोजनी जाहीर प्रायश्चित्त करायला लावलं. १०७७ च्या जानेवारीत जर्मनीचा राजा चौथा हेन्री पोपची माफी मिळावी म्हणून कनोसाच्या किल्ल्याबाहेर तीन दिवस थंडीत अनवाणी उभा राहिला. ११७४ साली इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीने आर्चबिशप बेकेटच्या खुनाचं प्रायश्चित्त म्हणून कँटरबरीत मठवाशांकडून फटके खाल्ले. बिचाऱ्यांकडे व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं.

तुमच्याकडे आहे. म्हणून सगळ्यात सोपा उपाय हा: एकच मेसेज सगळ्यांना पाठवा. 'माझ्याकडून कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी.' खाली हात जोडलेले. मला या बुधवारी तो आला, आणि आला तो माझ्या शेजाऱ्याकडून. पावसाळा संपल्यावर कुंपणाचे खांब ज्याने माझ्या वाडीत हातभर सरकवले, तोच. रात्री पहारीने खड्डे खणले, सिमेंट कालवलं, सकाळी वर चुना मारला. यातलं कळत कुठलं आणि नकळत कुठलं, हे जाणकारांनी सांगावं. आणि मन कुठलं दुखावलंय? माझा माड गेलाय! त्याचे नारळ तुमच्या ओट्यावर वाळतायत, मला खिडकीतून दिसतात. विचारलं तर म्हणे, 'उपवासकाळात भांडायचं नाही.' म्हणजे खांब तुम्ही हलवायचे आणि पाप मला लागणार, कारण मी आवाज चढवला! वर बायको सांगते, तो रोज क्रूसाची वाट करतो हो. करू दे. येशूच्या दुःखसहनाची चौदा स्थानं प्रार्थना करत होतात, पंधराव्याला माझं फाटक लागतं, तिथं मात्र मान खाली घालून पुढे जातो.

पुरे झाले सल्ले. शेजारीबुवा, तुम्ही हे वाचणार आहात, म्हणून सरळ सांगतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण एका बाकावर होतो. पश्चात्ताप, पापनिवेदन आणि मग प्रायश्चित्त, हे दोघांनीही घोकलंय. पापक्षमा मिळाली तरी केलेलं नुकसान भरून द्यावं लागतं, चोरलेलं परत करावं लागतं, हे चर्चच शिकवतं, मी नाही. बायबलातला जकातदार जक्कय येशूला बघायला झाडावर चढला होता, उतरला तो चौपट परत देतो म्हणत. मला चौपट नको. वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, असं लिहिलंय, आणि तू दर रविवारी अर्पणाची थाळी घेऊन माझ्या बाकाशेजारून पुढे जातोस! लाज वाटत नाही? मटण खा रे, दोन वेळा खा, पण खांब उपट. मोजणीची फी मी भरतो. तारीख तू सांग, आणि त्या दिवशी घरी थांब.