दगड आणि दोरी पुरते
प्रयोगशाळा नाही म्हणून शाळांत प्रयोग होत नाहीत, हे लेखातलं म्हणणं पटलं नाही. मी सातवीला विज्ञान शिकवते. मीटरभर दोरीला दगड टांगून दोलक केला आणि विचारलं, झोके भराभर कशाने होतील? सगळे म्हणाले, जड दगडाने. मोठा दगड बांधला, दहा झोके मोजले, तरी लहान दगडाइतकेच २० सेकंद! मुलं चक्रावली, पुन्हा पुन्हा मोजू लागली. शेवटी एकीने दोरी पाव मीटर केली, तेव्हा १० सेकंद आले. मी उत्तर सांगितलंच नव्हतं.

मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ ते २००२ असंच विज्ञान शिकवलं गेलं, तेही साध्या सरकारी शाळांत. परीक्षा पुस्तक उघडं ठेवून असायची. आमच्या घटक चाचणीत मात्र अजून दोलकाची व्याख्याच विचारतात, याचं फार वाईट वाटतं.