‘दारू विकून कसलं पुण्य?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

प्रतिक्रियेत आपण वय सांगितलंत, म्हणून काका म्हणतो. फ्रान्समधल्या बोन गावी एका रुग्णालयासाठी होणाऱ्या वाइन-लिलावावर मी लिहिलं, त्यावर आपण तीन गोष्टी विचारल्यात. दारू विकून आलेल्या पैशाला पुण्यकर्म कसं म्हणायचं? ज्याला द्यायचंय त्याने सरळ चेक का फाडू नये? आणि ज्या पुण्यात मुक्तांगणसारखं व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं, तिथल्या माणसाने असल्या लिलावाचं कौतुक का करावं? शेवटी धाकट्या भावाबद्दल दोन ओळी लिहिल्यात. त्या ओळींमुळे उत्तराला चार दिवस लागले.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे आपलं बरोबर आहे. लेखाच्या शेवटी मी लिहिलं होतं, ‘पुण्यातल्या एखाद्या रुग्णालयानेही असा लिलाव करून बघावा.’ हे मी लिहायला नको होतं. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, तेव्हा पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी सरळ पैसे दिले. मध्ये कसलीही बाटली नव्हती. नवऱ्याचं व्यसन सुटावं म्हणून एखादी बाई ज्या रुग्णालयाच्या पायऱ्या चढते, त्याच्याच निधीसाठी टेबलावर बाटल्या मांडायच्या, हे चित्र आपण डोळ्यांसमोर आणलंत आणि मला ते बघवलं नाही. दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. वाइनला त्यातून सूट नाही.

पण बोनबद्दल मी मागे हटणार नाही, कारण तिथे जे चालतं ते ‘दारू विकून दान’ या तीन शब्दांत बसत नाही. १४४३ साली, शंभर वर्षांच्या युद्धाने आणि उपासमारीने तो मुलूख नागवला गेला असताना, बर्गंडीच्या ड्यूकचा प्रधान निकोला रोलां आणि त्याची बायको गिगोन यांनी गरिबांसाठी तिथे रुग्णालय बांधलं. पुढे लोकांनी त्याला द्राक्षमळे दान द्यायला सुरुवात केली. पहिला मळा १४५७ साली मिळाला. आज असे सुमारे साठ हेक्टर आहेत. आपल्याकडे देवस्थानाला इनाम जमीन असायची आणि तिच्या उत्पन्नातून नंदादीप, अन्नछत्र चालायचं, तसंच हे. जमीन रुग्णांची, म्हणून पीकही रुग्णांचं. त्या मातीत द्राक्षं येतात आणि त्या मुलखात द्राक्षांची वाइन होते. कोकणात असते तर आंबे विकले असते.

१८५९ पासून हे पीक लिलावाने विकलं जातं, नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी. विकली जाते ती नवी वाइन, द्राक्षं खुडून जेमतेम दोन-अडीच महिने झालेली, ओकच्या पिंपात भरलेली. ती अजून पिण्याजोगी नसते. एका पिंपात २२८ लिटर, म्हणजे साधारण तीनशे बाटल्या. घेणाऱ्याला पिंप उचलून घरी नेता येत नाही. तिथल्याच एखाद्या व्यापाऱ्याकडे ते मुरवावं लागतं आणि बाटल्या पुढे वर्ष-दोन वर्षांनी हातात पडतात. एक पिंप मात्र वेगळं काढतात. त्याचे पैसे रुग्णालयाला नाही, दुसऱ्या सामाजिक संस्थांना जातात. २०२२ मध्ये त्याला ८ लाख १० हजार युरोची बोली लागली.

आता सरळ चेकबद्दल. त्या वेगळ्या काढलेल्या पिंपाचा हिशेब बाटलीमागे सत्तावीसशे युरोंचा होतो. एवढी किंमत वाइनची नाही, हे बोली लावणाऱ्यालाही ठाऊक असतं. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हापूसच्या मुहूर्ताच्या पेटीला जी बोली लागते, ती तरी कुठे आंब्यांची असते? चारचौघांत हात वर केला की माणूस एकट्याने दिला असता त्याहून जास्त देतो. यात मिरवणं आहे, आपण म्हणता ते खरंच. पण त्या मिरवण्यातून रुग्णालयाला यंत्रं किंवा सामाजिक संस्थांना पैसे मिळत असतील तर मला ते खुपत नाही.

मला खुपतं ते वेगळंच, आणि तो अनुभव पुण्याचाच आहे. काही वर्षांपूर्वी कॅम्पातल्या एका हॉटेलात एका संस्थेच्या मदतीसाठी जेवण होतं. लिलावात एक जुनी फ्रेंच बाटली आली. ती देणगीदाराच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात कित्येक वर्षं उभी ठेवलेली होती, असं मंचावरूनच कौतुकाने सांगितलं गेलं. अशी वाइन बारा-तेरा अंशांत, आडवी ठेवायची असते, नाहीतर बूच सुकतं आणि हवा आत शिरते. पुण्याचे इतके एप्रिल-मे उभ्याने काढलेल्या बाटलीत काय उरलं असेल? हे कोणी बोललं नाही. मीही गप्प बसलो, त्याची बोच आजही आहे. नंतर आयोजकांना विचारलं, हॉलचं भाडं आणि जेवण वजा जाता संस्थेला किती पोचले? उत्तर आलं नाही. तेव्हा आपला संशय मला परका नाही.

जुन्या बाटलीच्या लिलावात सगळा भार विश्वासावर असतो. रूडी कुर्नियावान नावाच्या माणसाने कॅलिफोर्नियातल्या घरी जुन्या वाइनच्या नकली बाटल्या भरून लाखो डॉलरना विकल्या. २०१३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात तो दोषी ठरला. नामांकित लिलावांत, मुरलेल्या जाणकारांनी त्या घेतल्या होत्या. बोनचं पिंप रुग्णालयाच्या मळ्यातून रुग्णालयाच्याच तळघरात जातं, मध्ये कोणाचा हात नाही. मला भावलं ते हे. तेच मी नीट लिहिलं नाही आणि वाइनच्या चवीवर दोन परिच्छेद घालवले.

आज सकाळी लेखातलं ते शेवटचं वाक्य काढलं. त्या जागी असं लिहिलं आहे: ‘पुण्यातल्या एखाद्या रुग्णालयाला कोणी जमीन दिली, तर ती विकून टाकू नये. तिचं पीक दरवर्षी उघड लिलावाने विकावं आणि आलेल्या पैशांचा हिशेब दारावर लावावा.’ काकडी असो, अंजीर असो, पुरंदरच्या मातीत येईल ते. आपण वाचून सांगा, आणि भावाबद्दल लिहावंसं वाटलं तर मला ईमेलवर लिहा. इथे चारचौघांत नको.